परक्या रानातला नाताळ

परवा सांगलीहून कुपवाडला निघाले होते, रिक्षाने. नाताळच्या तयारीची बैठक होती आणि नेहमीप्रमाणे मला उशीर झाला होता. मध्येच रस्त्यावर मेंढरं आली. दीड-दोनशे तरी असतील. दोन्ही बाजूंना दुचाक्या, टेम्पो, कारखान्याच्या कामगारांची शिफ्ट गाठायची घाई, आणि मधून ही मंडळी खाली माना घालून निवांत चाललेली. मागून दोन घोडी आली. पाठीवर उलटी खाट, खाटेत भांडी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं एक कोकरू. घोडीच्या पुढे हिरव्या लुगड्यातली एक बाई, कुणाकडेही न बघता ताडताड चाललेली.

रिक्षावाले कावले. ‘‘ह्यांस्नी टायमाचं काय हाय?’’ म्हणून त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढेचनात.

‘‘असू दे हो,’’ मी म्हटलं. ‘‘त्यांना पल्ला गाठायचाय. मला नुसती बैठक गाठायचीय.’’

त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहून घेतलं. बैठकीला मी अर्धा तास उशिरा पोचले. तिथे नव्याने आलेली एक सिस्टर खिडकीपाशी तोंड फिरवून उभी होती. घरापासून लांब तिचा हा पहिलाच नाताळ. तिला काहीतरी शहाणपणाचं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याजवळ शहाणपण नाही, एक डिसेंबर आहे. तोच गेले दोन दिवस डोक्यात घोळतोय.

मी वसईची. ‘मिशनरी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकतर गोरा साहेब येतो, नाहीतर संशय. मी दोन्हींत बसत नाही. लाल लुगडं नेसणाऱ्या, पहाटे उठून वाडीला पाणी सोडणाऱ्या बाईची मी मुलगी. नर्सिंग शिकले, सिस्टर झाले आणि जिथे पाठवतील तिथे गेले. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका म्हातारबांनी मला सरळ विचारलं, ‘‘शिस्टर, आमास्नी बाटवाया आलाय काय?’’ मी म्हटलं, ‘‘आधी तुमची साखर खाली आणते. मग बघू.’’ त्यांची साखर काही खाली आली नाही आणि पुढचा विषय निघालाच नाही.

आमचा दवाखाना म्हणजे गावाबाहेर रस्त्याकडेच्या दोन खोल्या, मागे आमचं राहणं. आम्ही दोघीच. थोरल्या सिस्टर गुडघ्यांनी अधू, त्यामुळे स्कूटरवरची सगळी कामं माझ्याकडे. चहूकडे ऊस. डिसेंबर लागला की तोडणी जोरात येते, ट्रॅक्टर दिवसभर गाणी लावून जातात, गुऱ्हाळाचा गोड वास अंगावरच्या कपड्यांनाही लागतो. थंडी अशी की सकाळी इंजेक्शनची सुई बघण्याआधीच माणसं ‘आई गं’ म्हणतात. मला तो महिना आवडायचा, आणि सोसायचाही नाही. तिकडे वसईत त्याच दिवसांत घराघरांतून येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बांधायला घेतलेले असायचे. वाटीत नाचणी पेरायची, तिचे कोवळे कोंब गोठ्यात शेत म्हणून मांडायचे. बांबूचे तारे, आणि चुलीवर फुग्यांची, म्हणजे आमच्या तळलेल्या गोड गोळ्यांची कढई. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. त्या देवळाची घंटा मला कुंडलच्या उसात ऐकू यायची, खोटीच.

आम्हाला तीन वर्षांतून एकदा घरची सुट्टी मिळते. त्या वर्षी माझी पाळी होती, आणि मी मागून मागून ती नाताळात घेतली होती. आई ऐंशीला टेकलेली. ‘‘यंदा फुगे तुझ्या हातचे,’’ असं तिने गणपतीपासूनच फोनवर जाहीर करून ठेवलं होतं.

नोव्हेंबर संपताना बायडाबाई दवाखान्यात आली. मूळची वडूजकडची, खटावच्या कोरड्या माळावरची. त्या बाजूचे मेंढपाळ दिवाळीच्या आगेमागे मेंढरं घेऊन निघतात आणि उसाच्या मुलखात उतरतात. शेतकरी त्यांना आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायला बोलावतो. रात्री मेंढरं रानात बसली की लेंडीखत आयतंच मिळतं, बदल्यात तो त्यांना धान्य देतो. तीन रात्री इथे, चार रात्री तिथे, करत हा चालता संसार उन्हाळ्यापर्यंत परक्या रानांतून फिरतो. त्यालाच ते ‘वाडा’ म्हणतात. भिंत नाही, दार नाही, पण नाव वाडा. बायडाबाईचे यजमान धुळातात्या त्या वाड्याचे कारभारी.

ती आली ती खोकतच, पदराच्या ओच्यात एक कोकरू घेऊन. तिला बाकावर बसवलं तर तिची नजर भिंतीवरच्या चित्रावर. येशू खांद्यावर कोकरू घेऊन चाललाय, तेच नेहमीचं चित्र. तिने बराच वेळ ते न्याहाळलं.

‘‘ह्यो कोण?’’

‘‘आमचा देव. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्व्याण्णव मागे ठेवून गेला, त्याची गोष्ट आहे.’’

‘‘नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर ठिवली?’’

मी इतकी वर्षं ती गोष्ट सांगत होते. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मलाही पडला नव्हता. मग तिने निकाल दिला, ‘‘आन् असं न्हाई धरत कोकरू. पाय मोकळं सोडल्यात. लाथ मारंल तोंडावर.’’ एवढं बोलून ती पुन्हा खोकत बसली, आणि पदराला लागलेलं रक्त तिने माझ्यापासून लपवलं.

क्षयच होता. दुसऱ्यांदा. आदल्या वर्षी कुठल्याशा गावात औषध सुरू झालं होतं, पण वाडा हलला, गोळ्या संपल्या, खोकला जरा दबला आणि राहूनच गेलं. ‘‘रक्त पडत होतं तरी तुम्ही महिनाभर चालत होता?’’ मी धुळातात्यांवर जवळजवळ ओरडलेच. ‘‘चार दिवस थांबता येत नव्हतं?’’

त्यांनी मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. ‘‘आवं शिस्टर, वाडा मानसासाठी थांबत न्हाई. मानसाला दम निघतो. मेंढराच्या पोटाला कुठला दम?’’ बोलताना त्यांच्या आवाजात निबरपणा नव्हता. उलट डोळे भरून आले होते. पण रानातला चारा संपला की उठायचं, हा त्यांचा कायदा होता आणि बायकोचं रक्तसुद्धा त्याला अपवाद नव्हतं.

सहा महिने रोज गोळ्या. पहिले दोन महिने तर एकही दिवस चुकायला नको. पुन्हा एकदा अर्धवट सुटल्या असत्या तर मग तिचा आजार साध्या गोळ्यांना दाद देणारा राहिला नसता, आणि त्याच्या पुढचं काय ते मला माहीत होतं. सरकारी दवाखान्यातून पाकिटं यायची, ती समोर उभं राहून गिळवायचं काम माझं. पाकीट तिच्याच हाती देऊन मोकळं व्हावं, तर आदल्या वर्षीचं अर्धं पाकीट कोंबड्यांच्या पाटीत सापडलं होतं. तेव्हा वाडा जाईल तिथे माझी स्कूटर.

सुट्टी जवळ आली तशी मी बरेच हिशेब मांडले. थोरल्या सिस्टरना स्कूटर जमत नाही. गावातल्या कुणाला सांगावं, तर वाडा चोवीस तारखेला उठणार, कुठे जाणार ते तात्यांनाही ऐन वेळी ठरवायचं. शेवटी मी वसईला फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं.

‘‘ती बाई बरी होईल ना?’’

‘‘गोळ्या चुकल्या नाहीत तर.’’

‘‘मग झालं. राहा तिथेच,’’ म्हणाली आणि फोन ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा तिचाच फोन. ‘‘फुग्यांच्या पिठाला रात्रभर ऊब दे. थंडी असेल ना तिकडे.’’ मी सुट्टी रद्द केली. मोठ्या मनाने केली असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी आठवडाभर धुसफुसत होते आणि त्याचा त्रास गावातल्या सगळ्या खोकलेवाल्यांना झाला.

वाडा त्या वेळी सुभेदार आबांच्या रानात होता. आबा फौजेतून निवृत्त झालेले, वीस एकर ऊस, थोरला मुलगाही फौजेतच. त्यांनी माझं तोंड बघून ओळखलं. म्हणाले, ‘‘शिस्टर, अठरा दिवाळ्या मी बाहेर काढल्या. फराळाचा डबा पोचायचा मार्चमधी. लाडू फोडाया हातोडी लागायची. ड्यूटी इज ड्यूटी.’’ मग म्हणाले, ‘‘पर सणादिशी लय वंगाळ वाटतं, हे बी खरं हाय.’’ दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा माझ्या जास्त उपयोगी पडलं.

रोज सकाळी वाड्यावर जाऊन जाऊन माझी धुसफूस कमी होत गेली, त्याला कारण बायडाबाई. मी माणसांचं कौतुक सहसा उधळत नाही. पण त्या बाईला काम करताना पाहणं म्हणजे सुख होतं. घोडीवरून सामान उतरलं की तासाभरात तिचा संसार लागलेला. वारा कुठून येतो ते बोट वर न धरताही तिला कळायचं. खाट आडवी घालून तिच्या आडोशाला तीन दगडांची चूल, चुलीच्या उबेला कोकरं, आणि जाळीच्या वाघरीत मेंढरं. दीडशे मेंढरं तिला तोंडाने ओळखू यायची. मला ती सगळी एकाच तोंडाची दिसायची. एकदा मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, ‘‘मला बी तुमच्या दवाखान्यातल्या फोटूतल्या समद्या शिस्टर एकच वाटत्यात.’’ हे मात्र तिने मुद्दाम म्हटलं, ओठ दाबून.

तिला ताप असायचा, वजन उतरलेलं, गोळ्यांनी लघवी लाल व्हायची म्हणून घाबरलेली. तरी एकदाही मी तिला ‘आज नको’ म्हणताना ऐकलं नाही. थंडीने नाक गळत असताना ती गोळ्या तळहातावर घ्यायची, एकेक करून गिळायची आणि लगेच भाकरी थापायला बसायची. मला विचारायची, ‘‘तुमची दिवाळी कवा?’’ मी सांगायची, नाताळ, पंचवीस तारखेला. ‘‘म्हंजी किती दीस राह्यलं?’’ तिला तारखा कळत नसत, दिवस कळत. त्यांची दिवाळी पलूसजवळच्या एका रानात झाली होती. शेणाच्या गोवऱ्यांवर मेंढीचं दूध उतू घातलं, मेंढरांना ओवाळलं, झाली दिवाळी. ‘‘घरला कुलूप. पर समदी हितंच हायती न्हवं?’’ म्हणून तिने हाताने वाडा दाखवला. माणसं, कुत्री, घोड्या, कोंबड्या, सगळं त्या एका हातवाऱ्यात आलं.

तेवीस तारखेला गोळ्या दिल्या आणि तिथेच बांधावर आईचा फोन आला. घरी सगळे जमले होते. भाऊ, भावजया, भाचरं. एकेकाने बोलून घेतलं, मागे कुणीतरी गाणं म्हणत होतं. आमची घरातली बोली वेगळी, इकडच्या माणसाला फारशी कळायची नाही, म्हणून मी मोकळेपणाने बोलले. फोन ठेवला, तोंड पुसलं आणि स्कूटरला किक मारली.

चोवीसला वाडा उठणार होता. मी रिकाम्या रानाच्या तयारीनेच गेले, तर वाडा जागच्या जागी. ‘‘घोडी लंगडाया लागलीया,’’ धुळातात्या म्हणाले. ‘‘दोन दीस काय हलता येत न्हाई.’’ मला बरंच वाटलं. नाताळादिवशी शोधाशोध तरी वाचली.

पंचवीसला पहाटे निघून मी कुपवाडला मिस्सेला, म्हणजे नाताळच्या उपासनेला गेले. एका शेडवजा हॉलमध्ये मिस्सा होती. अर्धे लोक कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, कारण मिस्सा संपताच त्यांना पहिली पाळी गाठायची होती. बाहेर दुचाक्यांची रांग. गाणी मात्र अशी म्हटली त्यांनी की पत्रे हादरले. कुणी केरळचं, कुणी झारखंडचं, कुणी मिरजेचं, सगळे आपापल्या आईच्या आवाजात म्हणत होते. मिस्सा संपल्यावर पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला आणि मी एकटी एसटीची वाट बघत उभी राहिले.

परत आले आणि फुगे करायला घेतले. पिठाला ताडी लागते. ती कुंडलमध्ये कुठून मिळणार? सोडा घातला, रात्रभर ऊबही दिली होती, आईच्या सांगण्याप्रमाणे. तेलात टाकले तेव्हा ते फुगण्याऐवजी चपटे होऊन तळाशी बसले. नाव फुगे आणि ही तऱ्हा. थोरल्या सिस्टर हसून हसून खुर्चीवर बसल्या. तरी डबा भरला आणि दुपारी वाड्यावर गेले.

त्यांनी माझ्यासाठी घोंगडी अंथरून ठेवली होती. चुलीवर बाजरीची भाकरी, झणझणीत आमटी, आणि एका वाडग्यात मेंढीच्या दुधाची खीर, गूळ घालून. धुळातात्यांनी माझा फुगा बराच वेळ चावला. ‘‘कडक हाय,’’ ते म्हणाले, ‘‘पर चव हाय.’’ आणि दुसरा उचलला. बायडाबाईने मला हळदकुंकू लावायला हात पुढे केला, अर्ध्यात थांबवला, आणि मग तसाच हात माझ्या डोक्यावरून फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मी तिथे पोटभर जेवले. बाजूला मेंढरं सारखी ओरडत होती. तात्या मध्येच उठून बाभळीच्या फांद्या तोडून त्यांच्यापुढे टाकत होते. मला ते चित्र छान वाटलं. तेव्हा मला एवढंच कळायचं.

परत येताना वाटेत सुभेदार आबा भेटले. ‘‘झाला सण?’’ म्हणाले. मी घोडीची चौकशी केली, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. ‘‘घोडी? सकाळी वढ्यावर उड्या मारीत हुती की. माझं रान तर परवाच झालं. चारा संपला, दाणं घालून झालं. का बसल्यात कुणास ठावं. मी बी म्हटलं, बसा.’’

मला एकच भीती वाटली. बायडाबाईचं दुखणं वाढलं असणार आणि ही माणसं माझ्यापासून लपवतायत. दुसऱ्या दिवशी उजाडताच गेले. वाडा निघाला होता, घोडी नीट चालत होती आणि तिच्यापुढे बायडाबाई. चालता चालता तिने गोळ्या घेतल्या. ताप नव्हता. मी पाकिटं मोजली, बरोबर होती. मग काय ते मला विचारवेना.

त्यानंतर जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, मी वाड्यामागून फिरत राहिले. मार्चमध्ये तिचा आवाज खणखणीत झाला. मे संपता संपता वाडा घरी परतला आणि शेवटच्या गोळ्या घेऊन मी एसटीने वडूजला गेले, तिथून जीपने तिच्या गावी. दगडी घर, दारात कडुनिंब. पहिल्यांदाच मी तिला छपराखाली बघत होते. थुंकीचा रिपोर्ट माझ्या पिशवीत होता. स्वच्छ.

‘‘ह्या शेवटच्या?’’

‘‘शेवटच्या.’’

तिने त्या गिळल्या, वर तांब्याभर पाणी प्याली. धुळातात्या खाटेवर बसून आढ्याकडे बघत होते आणि मुंडाशाच्या टोकाने पुन्हा पुन्हा डोळे पुसत होते. इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं होतं, म्हणून मी धीर करून विचारलं, ‘‘बायडाबाई, नाताळात तुमची घोडी खरंच लंगडत होती का?’’

ती पदर तोंडाला लावून हसली. ‘‘घोडीला काय धाड भरलीया? ह्यांस्नी दुसरं काय सुचंना, ढकललं घोडीवर.’’

‘‘मग थांबलात कशाला?’’

‘‘तुमी बांधावर आईसंगं बोलत हुता. बोली कळंना तुमची, पर रडं कळलं. मी ह्यांस्नी म्हटलं, परवा शिस्टरचा सण हाय. आमच्या गोळ्यांपायी ती घरला गेली न्हाई. आन् आपून म्होरं गेलो तर सणादिशी बाई कुठं जाईल?’’

‘‘आणि मेंढरं?’’

‘‘अर्ध्या पोटावर काढलं दोन दीस,’’ तात्या खाटेवरूनच म्हणाले. ‘‘मेली न्हाईत.’’

बाभळीच्या त्या फांद्या मला आत्ता कळल्या. आणि मग न बोलायचं ते मी बोलून गेले. ‘‘पण तात्या, बायडाबाईंना रक्त पडत होतं, तेव्हा वाडा थांबला नव्हता.’’

उत्तर तिने दिलं, अगदी साध्या आवाजात.

‘‘तवा मी वाड्यातच हुते की. माझी मानसं माझ्या भवतीनं हुती. तुमच्या भवतीनं कोण हुतं?’’

मी त्या माणसांसाठी घर सोडून आले, असं मी तोवर सगळीकडे सांगत असे. भाषणांतून, पत्रांतून, प्रार्थनेतसुद्धा. त्या दिवसानंतर ते वाक्य मी पुन्हा उच्चारलेलं नाही.